माझ्या मशीनवरचा कागद

आधीच सांगून ठेवते. या गोष्टीत मालनबाई म्हणून एक बाई आहेत आणि त्यांचं नाव मालनबाई नाही. त्या शनिवार पेठेत राहतात असं मी लिहिणार आहे, तेही खरं असेलच असं नाही. त्यांच्या कागदात काय होतं ते तर मी सांगणारच नाही. ज्यांना तेवढंच वाचायचं असेल त्यांनी इथेच थांबावं, आपला दोघांचाही वेळ वाचेल.

मी द्वारका. कसबा पेठेत दोन खोल्यांत एकटी राहते आणि लोकांचे कागद टाइप करून देते. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार आणि मुख्य म्हणजे मृत्युपत्रं. बावीस वर्षं कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसले. मग गुडघ्यांनी बस चढायला नकार दिला तेव्हा घरी कॉम्प्युटर घेतला. आता लोकच माझे दोन जिने चढून येतात. काही जण वकिलाने हाताने लिहिलेला मसुदा आणतात, काही जण नुसतं तोंडी सांगतात.

माझ्यापेक्षा भराभर टाइप करणारे पुण्यात पायलीचे पन्नास मिळतील. तरी लोक माझ्याकडे येतात याचं कारण एकच आहे. माझ्या मशीनवरचा कागद माझ्या घराबाहेर जात नाही. टाइपरायटरच्या दिवसांत मी वापरलेला कार्बन माणसाच्या समोर फाडून त्याच्याच हातात द्यायची, कारण कार्बन उजेडात धरला की सगळं वाचता येतं. कॉम्प्युटर आल्यावर तीच रीत पुढे चालवली. नेट घेतलं नाही. सही होईपर्यंत फाईल माझ्याकडे ठेवायची. सही झाली की माणसाला शेजारी बसवून त्याच्या डोळ्यांदेखत ती पुसायची, मशीनमधली कचरापेटी उघडून तीही रिकामी करायची आणि विचारायचं, "दिसतंय का काही?" तो "नाही" म्हणाला की मगच पैसे घ्यायचे.

मरणानंतर कुणाला काय मिळणार हे जिवंतपणी कुणाला कळलं की घरात काय होतं, ते मी फार जवळून पाहिलं आहे. म्हणून ही रीत. तिला कुणी सोवळं म्हणतं, कुणी खूळ म्हणतं. म्हणोत.

माझा मुलगा तेजस हडपसरला राहतो, तिकडच्याच एका आयटी पार्कात काम करतो. माझ्या त्रेसष्टाव्या वाढदिवसाला तो आणि माझी सून सृष्टी एक भलामोठा खोका घेऊन आले. खोक्यात नवा कॉम्प्युटर होता.

"जुना चालतो माझा," मी म्हटलं.

"आई, तो चालत नाही, रांगतो. आणि तुझं ते टायपिंगचं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. त्याचा फॉन्ट दुसऱ्या कुठल्याही मशीनवर उघडत नाही, नुसते किडे-मुंग्या दिसतात."

"दुसऱ्या मशीनवर उघडायचंय कुणाला?"

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे. त्याने टेबलावरचं माझं सगळं सामान हलवलं, नवा कॉम्प्युटर लावला आणि त्यातलं नवं सॉफ्टवेअर दाखवायला लागला. हे सॉफ्टवेअर विकत मिळत नाही, वर्षाच्या भाड्याने मिळतं. भाडं थकलं की ते तुमच्याच फाईली तुम्हाला नुसत्या वाचू देतं, त्यात लिहू देत नाही. स्वतःच्या घरात बसायला भाड्याची खुर्ची घेण्यासारखं आहे, असं मी म्हटलं. तेजस म्हणाला, भाडं मी भरलंय, तू नुसती बस.

"आणि टाइप करायचीही गरज नाही," सृष्टी म्हणाली. "आई, तुम्ही बोला, ते आपोआप मराठीत लिहितं."

"मृत्युपत्र मोठ्याने बोलू? माझ्या भिंतीला कान लावून बसलेत शेजारी, त्यांची सोय होईल."

शेवटी त्याने नेटही जोडलं. मी नको म्हटलं तर म्हणाला, फक्त परवाना तपासायला लागतं, बाकी काही नाही. सुरू करताना मशीनने खातं मागितलं. तेजस म्हणाला, "तुझं वेगळं खातं कशाला, पासवर्ड विसरशील. माझंच टाकतो." आणि त्याने त्याचंच टाकलं. आपल्याकडे हे असंच असतं. घरातल्या एका हुशार माणसाचं खातं सगळ्यांच्या फोनवर, टीव्हीवर, गॅसच्या नंबरावर चालतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नाही. चूक इथे झाली, ती माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि ती मी त्याच्यावर ढकलणार नाही. पोराने प्रेमाने आणलं होतं आणि मी प्रेमाला विरघळले. एरवी मी विरघळणारी बाई नाही.

तीन आठवडे बरे गेले. अक्षरं छान दिसत होती. जुन्या मशीनवर पान उलटेपर्यंत मी चहाला आधण ठेवून यायची, ते बंद झालं. तेजसला फोन करून मी तसं सांगितलंही.

मग एका गुरुवारी दुपारी मालनबाई आल्या. पंच्याहत्तरीच्या पुढे आहेत, मूळच्या पुण्याबाहेरच्या, जन्म मंडईत भाजी विकण्यात गेलेला. लिहितावाचता येत नाही म्हणून त्यांनी सगळं तोंडी सांगितलं आणि मी टाइप केलं. दीड तास लागला. मी दोनदा वाचून दाखवलं. दोन साक्षीदार घेऊन परवा सहीला येते असं सांगून, छापलेली प्रत माझ्याकडेच ठेवून त्या गेल्या. जिन्यावरून त्यांच्या चपलांचा आवाज यायचा थांबला आणि फोन वाजला. तेजस होता.

"आई, तिसऱ्या पानावर तू पाचवं कलम दोनदा टाकलंयस बघ. थांब, मी काढतो एक."

मला काही कळेना. मी पडद्याकडे पाहिलं. तिसऱ्या पानावर एक निळी रेघ आपली आपण हलत होती आणि तिच्या डोक्यावर तेजसचं नाव होतं. माझ्या डोळ्यांदेखत कलमाचं एकेक अक्षर नाहीसं झालं. माझे हात कीबोर्डवर नव्हते, मांडीवर होते.

ते कलम दोनदा होतं कारण मालनबाईंना ते दोनदा हवं होतं. का हवं होतं ते त्यांना आणि मला माहीत आहे.

"तुला कसं दिसतंय हे?" मी विचारलं.

"अगं माझ्या खात्यावरच आहे ना सगळं. तू सेव्ह केलंस की माझ्या फोनवर येतं. बरं आई, ही मालनबाई जरा वेगळीच दिसते हं. तिने ज्याच्या नावाने..."

"गप्प बस."

"सृष्टीही परवा म्हणत होती, त्या आधीच्या काकांच्या कागदात..."

"सृष्टीने वाचलं?"

"वाचलं असं नाही. जेवताना विषय निघाला."

मी फोन ठेवला, उठले आणि नेटची वायर उपटली. भीतीने नाही, संतापाने, आणि त्याहून जास्त लाजेने. तीन आठवड्यांत अकरा जणांचे कागद केले होते. त्यातल्या दहा जणांना शेजारी बसवून मी विचारलं होतं, दिसतंय का काही. दहाही जण नाही म्हणाले होते आणि मी पैसे घेतले होते.

तेजस रविवारी आला. आल्या आल्या म्हणाला, "आई, तू विनाकारण वाढवते आहेस."

"फोन काढ," मी म्हटलं. "दाखव."

त्याने दाखवलं. सगळे कागद होते. मी पुसलेलेही होते, कारण पुसलेली फाईल त्याच्याकडे महिनाभर वेगळ्या पेटीत पडून राहते. कुणी कुठली ओळ आधी कशी सांगितली आणि मग कशी बदलली, तेही दिसत होतं. एका गृहस्थाने एक नाव घातलं होतं, अर्धा तास विचार करून काढलं होतं आणि जाताना डोळे पुसले होते. ते नाव तिथे होतं.

"हे सगळं आत्ता माझ्यासमोर पूस."

त्याने पुसलं. मग म्हणाला, "झालं? आता कोणाला कळणार आहे? मी काय परका आहे का?"

"हो."

"आई?"

"या टेबलापुरता परका. स्वयंपाकघरात गेलास की माझा मुलगा."

त्याला ते लागलं. लागावं म्हणूनच मी बोलले होते. तो म्हणाला, जुनं मशीन, जुन्या सवयी, जग कुठे गेलं, बँका तिथे ठेवतात, सरकार तिथे ठेवतं, तुझे चार अर्ज आणि दोन मृत्युपत्रं चोरायला कोण बसलंय. मी म्हटलं, चोर नकोच आहे, जेवताना विषय निघाला की पुरतं. नवा कॉम्प्युटर परत ने, असंही सांगितलं. त्याने नेला नाही. मी तो खोक्यात भरून पलंगाखाली सरकवला.

सोमवारी सकाळी मी मालनबाईंकडे गेले. शनिवारी त्या सहीला येणार होत्या, पण एक साक्षीदार गावाला गेला म्हणून ते पुढे ढकललं होतं. त्या दाराशी पावटे सोलत बसल्या होत्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. मुलाने वाचलं, सुनेनेही वाचलं असणार, एक कलम मुलाने खोडलं, ते मी परत घातलंय, आता त्याच्याकडे काही नाही. कारणं सांगितली नाहीत. कारणं सांगायला लागलं की माफी स्वस्त होते.

त्यांनी हातातली शेंग सोलून टाकली. मग म्हणाल्या, "तुमी सांगितलं नसतं तर मला कळलं असतं का?"

"नाही."

"मग सांगितलं कशाला?"

"फाईल पुसताना मी तुम्हाला विचारलं असतं, दिसतंय का काही. ते मी कुठल्या तोंडाने विचारलं असतं?"

"कागद हाय का संगट?"

मी पिशवीतून छापलेली प्रत काढून दिली. त्यांनी ती चार ठिकाणी फाडली, पावट्याच्या सालपटांत टाकली आणि म्हणाल्या, "मी दुसरीकडं करीन. जावा तुमी."

बाकीच्या दहा जणांकडेही मी गेले. एक जण म्हणाले, असू द्या हो, चालायचंच. ते सगळ्यात जास्त बोचलं. एका बाईंनी दार अर्धंच उघडलं. ज्या गृहस्थाने नाव काढलं होतं ते आत गेले आणि परत बाहेर आले नाहीत, मी पाच मिनिटं त्यांच्या बैठकीत एकटी बसून निघाले. आठवड्याभरात कसब्यापासून मंडईपर्यंत झालं की द्वारकाबाईंकडे आता कागद फुटतो. माझ्याकडे कुणी येईना. तेजस फोनवर म्हणाला, "बघ. सांगितलंस म्हणून झालं हे."

"नाही," मी म्हटलं. "फुटला म्हणून झालं."

खरं सांगते, त्या दिवसांत मी रडलेही. पण रडून झाल्यावर तोंड धुतलं, जुनं मशीन पिशवीत घातलं, रिक्षा केली आणि मैनुद्दीनभाईंकडे गेले.

मैनुद्दीनभाई माझ्याच वयाचे. फडके हौदाजवळ त्यांचं दुकान आहे. माझा टाइपरायटर तेच दुरुस्त करायचे, टाइपरायटर गेले तसे ते कॉम्प्युटरवर आले. दुकान तेच, पेचकसही बहुधा तेच. मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे ताई, कार्बन मशीनमध्ये राहिला," ते म्हणाले. "आणि तो तुमच्या पोराच्या खिशात सापडला."

"मला कार्बन न ठेवणारं मशीन करून द्या."

"मशीन हेच चालेल, थोडी मेमरी टाकतो. लिहायचं सॉफ्टवेअर मात्र बदलावं लागेल. तुमचं जुनं आता कुठल्याच नव्या प्रिंटरशी बोलत नाही, आज ना उद्या बसणार ते. दोन-तीन आहेत, तुम्ही बघा आणि निवडा."

"आणि माझे हात बदलायचे नाहीत. टाइपरायटरवर जी कळ जिथे होती, ती तिथेच पाहिजे."

"टाइपरायटरच्याच मांडणीची कळपट्टी मिळते. ती मी घालतो."

मी रोज अकरा वाजता त्यांच्या दुकानात जायची, जेवायला घरी यायची. लोक भाजी निवडतात तसं मी सॉफ्टवेअर निवडलं, प्रत्येकाचं देठ मोडून पाहिलं. नेटची वायर नसताना उघडतं का, हे पहिलं. जोडाक्षरं पडद्यावर दिसतात तशीच कोर्टाच्या लांब कागदावर उतरतात का, हे दुसरं. पुसलेल्या फाईलचं नाव मशीन बंद करून पुन्हा चालू केल्यावर कुठल्या यादीत डोकावतं का, हे तिसरं आणि माझ्या दृष्टीने शेवटचं.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं होतं, पण उघडलं की दर वेळी विचारायचं, आपण कोण.

"सांगा की, द्वारका," मैनुद्दीनभाई म्हणाले.

"मी का सांगू? मी त्याला विचारलं का तो कोण?"

ते बाद झालं. दुसऱ्याने छपाईत जोडाक्षरांचे पाय मोडले. तिसरं फुकटातलं होतं, जगभरच्या माणसांनी मिळून बनवलेलं आणि कुणाच्याही मालकीचं नसलेलं. रूप काही नाही, बटणं गर्दीने बसवलेली. पण ते नाव विचारत नव्हतं, भाडं मागत नव्हतं आणि नेटशिवाय बिनतक्रार चालत होतं. मी त्यात अमुक तमुक यांचं खोटं मृत्युपत्र टाइप केलं आणि मध्येच मशीनचं बटण खाडकन बंद केलं. पुन्हा चालू केलं तर सॉफ्टवेअर मोठ्या आनंदाने म्हणालं, तुमचा अर्धवट राहिलेला कागद मी जपून ठेवला आहे, परत आणू का?

"हा बघा कार्बन," मी म्हटलं.

मैनुद्दीनभाईंनी मान हलवली. "हे बंद करता येईल. पण ताई, मग लाईट गेली की जे लिहिलं ते गेलं. कुणी वाचवणार नाही."

"माझी मी वाचवीन. दर परिच्छेदाला सेव्ह दाबीन."

"लोकांना हे चालू पाहिजे असतं हो. आजवर कुणी बंद करून मागितलं नाही."

"लोकांना काय पाहिजे ते लोकांना विचारा."

त्यांनी ते बंद केलं. अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादीही बंद केली. नेटचं भोक तर त्यांनी खरोखरच टेपने बुजवलं, मी सांगितलं म्हणून. तेजसला कळलं तेव्हा तो म्हणाला, फुकटचं सॉफ्टवेअर म्हणजे फुकटचा वैद्य, बिघडलं की कोणाकडे जाणार? मी म्हटलं, फडके हौदाला.

जुन्या फॉन्टमधले माझे एकेचाळीस कोरे नमुने नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडले ते खरंच किडे-मुंग्या होऊन. तेजस तेवढ्यापुरता बरोबर होता. ते सगळे मी पहिल्यापासून पुन्हा टाइप केले. वेळ भरपूर होता, येतंय कोण. आणि सॉफ्टवेअर एकदा घालून भागत नाही, ते राखावं लागतं, हेही मला कळलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मैनुद्दीनभाई दुरुस्त्या पेन ड्राइव्हवर घेऊन दोन जिने चढतात, चहा पितात. नवीन काही घातलं की बंद केलेली बटणं हळूच पुन्हा चालू झालीत का ते मी आधी पाहते. एकदा झाली होती. म्हणून दर दुरुस्तीनंतर, कुठल्याही माणसाचा कागद करण्याआधी मी अमुक तमुक यांचा करते. त्यांची आत्तापर्यंत चौदा मृत्युपत्रं झाली आहेत आणि ते ठणठणीत आहेत.

तीन महिन्यांनी मालनबाई आल्या. धापा टाकत होत्या. पाणी दिलं तर प्यायल्या नाहीत, आधी बसल्या.

"दुसरीकडं गेले हुते," त्या म्हणाल्या. "एसीचं दुकान. त्या माणसानं सगळं लिवून घेतलं आन इचारलं, मावशी, व्हॉट्सॲपवर पाठवू का. मी म्हटलं, कुणाला? तर म्हणतो, घरात कुणाचा नंबर असंल त्याला."

"मग?"

"मग उठले."

त्यांनी माझ्या मशीनकडे पाहिलं, टेपने बुजवलेल्या भोकाकडे पाहिलं. मग पाणी प्यायल्या.

"करा कागद," त्या म्हणाल्या. "पर पुसताना शेवटचं बटन मी दाबणार. तुमचा भरवसा न्हाई असं न्हाई. तुमच्या बोटाचा आता मला न्हाई."

याच्यापेक्षा सरळ बोलणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. दोन दिवसांनी त्यांचा अंगठा झाला, साक्षीदार सह्या करून बाहेर गेले आणि मालनबाईंनी उजव्या हाताचं जाड बोट बटणावर ठेवून ते असं दाबलं की कीबोर्ड टेबलावर सरकला. "दिसतंय का काही?" मी विचारलं. त्यांनी उत्तर द्यायला घाई केली नाही. पडद्याच्या मागेही वाकून पाहिलं. तेव्हापासून माझ्याकडे ते बटण ज्याचा कागद त्यानेच दाबायचं, अशी रीत पडली आहे. लोक हळूहळू यायला लागले. सगळे नाही आले. नाव काढणारे गृहस्थ आले नाहीत आणि मी त्यांची वाट पाहणं सोडलेलं नाही.

आणि मग गेल्या महिन्यात, बुधवारी दुपारी अडीच वाजता, म्हणजे भर कामाच्या वेळेला, तेजस आला. एकटाच. दाढी वाढलेली. सरळ स्वयंपाकघरात न जाता तो टेबलाजवळ उभा राहिला.

"आई, एक कागद करायचाय."

"तुझ्याकडे तीन मशीनं आहेत."

"ऑफिसच्या लॅपटॉपवर काय लिहितो ते ऑफिसला दिसतं. माझ्या खात्यावर लिहिलं तर ते सृष्टीच्या टॅबवरही उघडतं." तो थांबला. "मीच जोडून दिलंय."

त्याला टोमणा मारायला याहून चांगली वेळ मला आयुष्यात मिळणार नव्हती. पुण्यात जन्म गेलाय माझा, जिभेवर चार तयार होते. मी ते गिळले, कारण गिऱ्हाईकाला टोमणा मारायचा नसतो. मी त्याला शेजारची खुर्ची दाखवली, दार लावून घेतलं आणि कोरं पान उघडलं.

"सांग."

तो हळू आवाजात सांगू लागला आणि मी टाइप करू लागले. दुसऱ्या परिच्छेदात माझी बोटं थांबली. एवढ्या वर्षांत कुणाच्याही कागदावर ती थांबली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पडद्याकडेच पाहत राहिले, सेव्ह दाबलं आणि म्हटलं, "पुढे." हे तू मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारायचं होतं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवायचा होता. पण तो आईकडे आला नव्हता. आईकडे यायचं असतं तर स्वयंपाकघरात गेला असता.

तुम्हाला वाटत असेल, आता तरी ही बाई सांगेल. नाही सांगणार. तो माझ्या मशीनवरचा कागद आहे.

पूर्ण झाल्यावर मी वाचून दाखवलं. एक शब्द त्याने बदलला. छापलं, त्याने सही केली, घडी करून खिशात ठेवलं. मग मी कीबोर्ड त्याच्याकडे सरकवला.

"हे बटण तू दाबायचं. मग कचरापेटी उघडायची, तीही तूच रिकामी करायची."

त्याला हे माझ्यापेक्षा शंभरपट चांगलं येतं, तरी त्याने मी सांगितलं तसंच, एकेक करून केलं.

"दिसतंय का काही?"

त्याने पडदा वरपासून खालपर्यंत पाहिला. "नाही," तो म्हणाला.

"मग पैसे काढ. पानाचे साठ."

त्याने काढले. मी मोजून डब्यात टाकले. तो उठला, दारापर्यंत गेला आणि कडीला हात लावून थांबला.

"आई, तू काहीच बोलणार नाहीस?"

"कशाबद्दल?" मी म्हटलं.

मग टेबलापासून उठले, स्वयंपाकघरात गेले आणि तिथून माझ्या मुलाला विचारलं, जेवला आहेस का.